काजळ की खपली? – यंत्रघर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात वंगणतेल केव्हा बदलावे याविषयी लिहिताना ड्रेन प्लगच्या (तेल सोडण्याच्या बुचाच्या) टोकाला बसवलेल्या, तेलातले लोखंडी कण धरून ठेवणाऱ्या चुंबकाचा उल्लेख जेमतेम एका वाक्यात आला होता आणि नेमक्या त्याच वाक्यावर सर्वाधिक पत्रे आली. त्यांतील चार पत्रे सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील असून चौघांचेही म्हणणे तेलातील धातूच्या कणांभोवतीच फिरते, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात दुसऱ्या मिलच्या गिअरबॉक्सला, तेलाच्या परतीच्या पाइपमध्ये, धातूचे कण दाखवणारा चुंबकी सेन्सर दोन वर्षांपूर्वी बसवला. कण जमले की कंट्रोल रूममध्ये दिवा लागतो. या हंगामात दिवा तीन वेळा लागला. तिन्ही वेळा मिल थांबवून प्लग काढला, तर काळ्या लेपाखेरीज काहीच मिळाले नाही. चौथ्या वेळी रात्रपाळीच्या लोकांनी वायरच काढून ठेवली. सेन्सर सदोष आहे, की आमचेच काही चुकते आहे?
– एक सहायक अभियंता, वाळवा तालुका

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून सेन्सर सदोष वाटत नाही. त्याची रचना पाहिली म्हणजे तो काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे स्पष्ट होईल. प्लगच्या टोकाशी एक कायमचा चुंबक असतो आणि त्याच टोकावर धातूची दोन अग्रे एकमेकांपासून बारीक फटीने अलग ठेवलेली असतात. तेलातून वीज वाहत नाही, त्यामुळे एरवी सर्किट उघडे राहते. चुंबकाने ओढलेला लोखंडी कीस साचत साचत ती फट भरून काढतो, सर्किट पूर्ण होते आणि आपल्या कंट्रोल रूममधला दिवा लागतो. म्हणजे हा एक साधा स्विच आहे. तो कण मोजत नाही आणि त्यांचे आकारही पाहत नाही. दोन महिने साचलेल्या बारीक भुकटीने फट भरली काय, किंवा बेअरिंगची एकच खपली आडवी पडून भरली काय, दिवा सारखाच लागतो.

फरक ओळखण्याचे काम म्हणूनच प्लग हातात घेणाऱ्या माणसाकडे राहते. निरोगी गिअरबॉक्समध्येही दात्यांवर दाते सरकत असताना अगदी सूक्ष्म झीज होतच असते. तिचे कण साधारण १५ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतले असतात, आणि माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो हे लक्षात घेतले, तर ते डोळ्यांना सुटे का दिसत नाहीत हे कळेल. ते चुंबकावर काजळासारखे बसतात. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळले तर लोण्यासारखे पसरतात, कण लागत नाही. याउलट बेअरिंगची धाव (गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी) किंवा गिअरचा दाता थकून त्याचा पृष्ठभाग सुटू लागला, की निघणारे तुकडे १०० मायक्रॉनपासून थेट नखाच्या कपच्याएवढे असू शकतात. असा तुकडा चिमटीत खरखरतो आणि उजेडात धरला की चमकतो. प्लगवरचा लेप पांढऱ्या कागदावर पुसून घ्यावा, त्यावर थोडे रॉकेल किंवा डिझेल सोडून तेल धुऊन टाकावे, कागदाखाली एक साधा चुंबक फिरवावा आणि दहापट भिंगातून पाहावे. या साऱ्याला पाच मिनिटे पुरतात. खपली असेल तर तिची एक बाजू आरशासारखी घासलेली आणि बारीक रेघांची दिसते, दुसरी करडी व खडबडीत असते, कारण पहिली बाजू बेअरिंगचा मूळ पृष्ठभाग असते आणि दुसरी तुटल्याची खूण. लेथवरच्या किसासारखी गुंडाळलेली बारीक वेटोळी दिसली, तर तेलात वाळू किंवा तत्सम कठीण कण शिरून ते धातू कातत आहेत असे समजावे, आणि तपासणी बेअरिंगऐवजी ब्रीदर (गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर करू देणारे छिद्र) व सील यांच्यापासून सुरू करावी.

मिल हाउसविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. तेथे वाफ, रस आणि धुण्याचे पाणी यांचा सतत वावर असतो आणि ब्रीदरमधून ओलावा गिअरबॉक्सच्या पोटात जातो. आत गंज धरला तर तांबडा गंज चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, पण पाण्याच्या संगतीने, पुरेशी हवा न मिळता तयार होणारा काळा लोह-ऑक्साइड मात्र त्याला घट्ट चिकटतो. आपला काळा लेप झिजेचा आहे की ओलाव्याचा, हे पाहण्यासाठी तेलाचे चार थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकून पाहा. तडतड आवाज आला तर तेलात पाणी आहे.

लेप आणि खपली यांचा घोटाळा हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये फार पूर्वीच जाणवला, कारण तेथे दिवा लागला की वैमानिकाला उतरण्याचा विचार करावा लागतो. त्यावरचा उपाय मोठा मार्मिक आहे. फट भरली की तिच्यातून विजेचा एक जोरदार क्षणिक झटका सोडतात. बारीक भुकटी जळून जाते आणि दिवा विझतो, तर जाड खपली त्या झटक्याने जळत नाही, म्हणून दिवा तसाच राहतो. असा भुकटी जाळणारा प्रकार उद्योगांसाठीही मिळतो. तथापि तो मागवण्याआधी एक बिनखर्चाची गोष्ट करून पाहावी, असे मी सुचवेन.

ती गोष्ट म्हणजे एकदा दिवा लागल्यापासून पुन्हा लागेपर्यंतच्या चालू तासांची नोंद. समजा, प्लग पुसल्यावर पुन्हा दिवा लागायला पहिल्यांदा ९००, मग ८५० आणि मग ८८० तास लागले, तर ती त्या गिअरबॉक्सची नेहमीची झीज समजून प्लग पुसावा आणि मिल चालू ठेवावी. तेच आकडे ९००, ४०० आणि ९० असे आले, तर कागदावर काजळाखेरीज काहीही दिसत नसले तरी मिल नियोजन करून थांबवावी आणि झाकण उघडावे. आपल्या पत्रात तीन वेळा दिवा लागल्याचे आहे, पण कोणत्या तारखांना लागला हे नाही, आणि खरे उत्तर त्या तारखांतच आहे. शिवाय बऱ्याच प्लगांच्या घरात आपोआप मिटणारी झडप असते, त्यामुळे तेल न सांडता प्लग काढता येतो. आपल्याकडे ती नसेल तर ऑफ सीझनमध्ये बसवून घ्यावी, म्हणजे नुसता प्लग पाहण्यासाठी गाळप थांबवावे लागणार नाही.

काढून ठेवलेल्या वायरीविषयी थोडे स्वतःचे सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका कारखान्यात (नाव सांगत नाही) रात्रपाळीला होतो, आणि तेथेही अशीच एक वायर कोणीतरी टेपने गुंडाळून पॅनेलच्या मागे खोचून ठेवली होती. फेब्रुवारीत, यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचा पिंजरा (गोळ्या जागच्या जागी धरणारी चौकट) फुटला आणि त्याचे तुकडे दात्यांत गेले. गिअरबॉक्स उघडल्यावर तो प्लग मीच काढला. त्यावर साळिंदराच्या काट्यांसारखा उभा राहिलेला लोखंडी चुरा होता, आणि त्यातल्या मोठ्या खपल्यांच्या कडा इतक्या गोल झाल्या होत्या की त्या किती दिवस तेलात फिरत होत्या याचा अंदाज सहज करता येत होता. रात्रपाळीला मी दोष देणार नाही. प्रत्येक दिव्यागणिक मिल थांबवा आणि हाती काही लागले नाही की बोलणी खा, असा व्यवहार असेल तर कोणीही वायर काढेल. दिवा लागल्यावर मिल थांबवायची नसून प्लग पाहायचा आहे, कागद लॉगबुकात चिकटवून सही करायची आहे, आणि थांबवण्याचा निर्णय अभियंत्याने घ्यायचा आहे, एवढे ठरवून दिले की वायर जागेवर राहते.

प्रश्न : माझ्या वर्कशॉपमधील कन्व्हेयरच्या वर्म गिअरबॉक्सला चांगल्या प्रतीचा चुंबकी ड्रेन प्लग आहे. दर तीन महिन्यांनी मी तो पाहतो आणि तो कायम स्वच्छ असे. मागील महिन्यात गिअरबॉक्स घसरू लागला म्हणून उघडला, तर चाकाचे दाते सुरीच्या पात्यासारखे झिजले होते. मग चुंबकाने काय केले?
– एक लघुउद्योजक, कुपवाड

उत्तर : चुंबकाने आपले काम चोख केले, लोखंड झिजले नाही, म्हणून त्याने काही दाखवले नाही. वर्म गिअरबॉक्समध्ये वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा दंड) पोलादाचा आणि चाक ब्राँझचे असते, आणि दोहोंपैकी चाकानेच झिजावे अशीच ती योजना असते. ब्राँझ, पितळ, तांबे, ॲल्युमिनियम, मोठ्या बेअरिंगांमधील व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातूचे अस्तर), तसेच ३०४ व ३१६ या जातींचे स्टेनलेस स्टील यांना चुंबक ओढत नाही (वाकवलेल्या किंवा ठोकलेल्या स्टेनलेसला थोडासा ओढतो, तेवढा अपवाद). त्यामुळे ज्या यंत्रात प्रथम झिजणारा भाग लोखंडाचा नाही, तेथे स्वच्छ चुंबक पाहून निश्चिंत होऊ नये. आपण काढलेले जुने तेल अजून असेल तर ते काचेच्या बरणीत घेऊन उन्हात धरा. सोनेरी झाक दिसेल. तीन महिन्यांपूर्वीही ती दिसली असती.

तेलाविषयीही एक शंका आहे. गिअरबॉक्समध्ये कोणते तेल भरले होते, हे आपण लिहिलेले नाही. जास्त भारासाठी बनवलेल्या ईपी गिअर तेलांपैकी काहींत क्रियाशील गंधक असते आणि तेल तापले की ते ब्राँझला खाते. दुकानदाराने ‘गिअर ऑईल आहे, चालेल’ म्हणून दिलेला डबा वर्म गिअरबॉक्सला चालतोच असे नाही. निर्मात्याच्या पाटीवर लिहिलेला प्रकारच भरावा.

लोखंडाखेरीज इतर धातू दाखवणारा सेन्सर असतो का, हा आपल्या प्रश्नात दडलेला दुसरा प्रश्न आहे. असतो. त्यात तेलाच्या नळीभोवती तारेची तीन वेटोळी असतात. दोन टोकांच्या वेटोळ्यांतून उच्च वारंवारतेचा प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी खेळवतात, त्यामुळे मधल्या वेटोळ्यापाशी दोघांची चुंबकी क्षेत्रे एकमेकांना रद्द करून शून्य होतात. तराजूची दोन्ही पारडी सारखी झाल्यावर काटा मधोमध थांबावा, तसा हा समतोल असतो. लोखंडी कण आत शिरला की जवळच्या वेटोळ्याचे क्षेत्र वाढते, समतोल ढळतो आणि मधल्या वेटोळ्यात संकेत उमटतो. कण पुढे सरकून दुसऱ्या वेटोळ्याजवळ गेला की संकेत उलटा होतो. ब्राँझच्या कणात मात्र भोवरा-प्रवाह (कणातच गोल फिरणारा वीजप्रवाह) निर्माण होऊन ते क्षेत्र किंचित दाबले जाते, त्यामुळे त्याचा संकेत सुरुवातीपासूनच उलट्या क्रमाने येतो. एवढ्यावरून कण लोखंडाचा की अन्य धातूचा हे ओळखता येते, आणि संकेताच्या उंचीवरून आकाराचा अंदाज येतो. हवेचे बुडबुडे आणि पाण्याचे थेंब वीजवाहक धातू नसल्यामुळे येथे फसवत नाहीत. प्रकाशावर चालणाऱ्या कणमापकांना ते हमखास फसवतात.

मात्र या सेन्सरलाही मर्यादा आहे. लोखंडी कणाचा संकेत त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे व्यास निम्मा झाला तर संकेत एक अष्टमांशच उरतो. नळी जितकी रुंद, तितके लहान कण सापडणे अवघड. साधारणपणे लोखंडाचा जो सर्वांत लहान कण दिसतो, त्याच्या दुपटी-तिपटीहून मोठा झाल्याशिवाय ब्राँझचा कण दिसत नाही. आपल्या गिअरबॉक्सला तेलाचा पंपच नाही, तेल नुसते घुसळले जाते, आणि हा सेन्सर वाहत्या तेलावरच चालतो. शिवाय त्याची किंमत आपल्या संपूर्ण गिअरबॉक्सपेक्षा जास्त पडेल. म्हणून आपल्यासाठी वर्षातून दोन वेळा तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यातील तांबे आणि कथील पाहणे हाच शहाणा मार्ग आहे. तेथील नेहमीच्या वर्णपटीय चाचणीत पाच-दहा मायक्रॉनहून मोठे कण नीट मोजले जात नाहीत. ब्राँझची रोजची घासझीज बारीकच असते, म्हणून आपल्या कामाला ती पुरेशी आहे. तुटून पडणाऱ्या खपल्यांसाठी मात्र ती चाचणी उपयोगाची नाही, आणि पहिल्या पत्रातील अभियंत्यांनी हे वाक्य जरूर वाचावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षात शिकतो. आमच्या गावावरच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. गिअरबॉक्सला कंपनमापक असताना तेलात सेन्सर कशाला, हे समजत नाही. तसेच हॉल सेन्सर वापरून असा सेन्सर प्रकल्प म्हणून करता येईल का?
– एक विद्यार्थी, सातारा तालुका

उत्तर : पठारावरून दिसणारी पाती सावकाश फिरतात, मोठ्या चक्कीत मिनिटाला पंधरा-वीस फेरे. आपल्या ५० हर्ट्झच्या वीजजाळ्यासाठी चार ध्रुवांचा जनित्र साधारण १५०० फेऱ्यांनी फिरावा लागतो, आणि ही तफावत गिअरबॉक्स भरून काढतो. जनित्राकडच्या जलद बेअरिंगमध्ये बिघाड झाला तर कंपनमापक तो लगेच पकडतो. पात्यांकडच्या संथ बाजूला मात्र धाव उखडू लागली तरी धक्के इतके विरळ आणि मंद असतात की ते इतर आवाजात बुडून जातात. खपल्या तेलात पडायला वेग लागत नाही. म्हणून संथ भागांसाठी तेलातला सेन्सर आणि जलद भागांसाठी कंपनमापक अशी वाटणी सोयीची ठरते. आपल्याकडच्या चाळकेवाडी-ठोसेघर किंवा वनकुसवडे पठारांवर आणखी एक अडचण आहे. सर्वाधिक वारा पावसाळ्यात, म्हणजे उत्पादनाचा हंगाम तोच, आणि नेमका त्याच वेळी धुके व चिखल यांमुळे मोठी क्रेन वर नेणे कठीण. बिघाडाची चाहूल मे महिन्यात लागली तर त्या चाहुलीला पैशांत मोजता येण्याजोगी किंमत आहे.

सेन्सर बसवताना तो फिल्टरच्या आधी हवा. फिल्टरनंतर बसवलेला सेन्सर नेहमी समाधानकारक वाचन देतो, कारण पुरावा फिल्टरने आधीच गिळलेला असतो. हे इतके उघड आहे की सांगू नये, पण ही चूक मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिली आहे.

प्रकल्पाची कल्पना उत्तम आहे. १८७९ मध्ये एडविन हॉल यांना आढळले की प्रवाह वाहत असलेल्या पट्टीवर आडवे चुंबकी क्षेत्र लावले तर पट्टीच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. चुंबकाच्या टोकावर कीस साचला की तेथील क्षेत्ररेषांची मांडणी बदलते आणि शेजारी बसवलेला हॉल सेन्सर तो बदल विजेच्या रूपात देतो. पहिल्या पत्रातील दिव्याला फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच ठाऊक असते. येथे साठा किती झाला आणि किती वेगाने वाढतो आहे, हेही कळते.

तीन सूचना मात्र करतो. सेन्सरचे वाचन आणि चुंबकाचे बळ, दोन्ही तापमानाने बदलतात. म्हणून कीस साचणार नाही अशा जागी तसाच दुसरा चुंबक व सेन्सर ठेवून दोहोंतील फरकच मोजावा. बाजारात मिळणारा साधा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमचा दुबळा होऊ लागतो, त्यामुळे गरम तेलासाठी समेरियम-कोबाल्टचा घ्यावा लागेल. आणि तपासणीसाठी लोखंडाची भुकटी प्रयोगशाळेच्या तराजूवर मिलिग्रॅममध्ये तोलून, वेगळ्या टाकीत फिरणाऱ्या तेलात थोडी थोडी सोडावी. तेल थंड असताना आणि गरम असताना असे दोन्ही प्रयोग करावेत. पवनचक्कीत वापरतात ते व्हीजी ३२० (दाटपणाची प्रतवारी) तेल ४० अंशांवर मधासारखे दाट असते आणि १०० अंशांवर त्याची स्निग्धता एक दशांशाच्या आसपास येते, त्यामुळे तोच कण कधी चुंबकापर्यंत पोहोचतो, कधी प्रवाहाबरोबर निघून जातो. आपल्या आलेखात हा फरक दिसला, तर परीक्षकांना विचारायला पुष्कळ मिळेल.

प्रश्न : द्राक्षबागेतील फवारणीच्या ब्लोअरमुळे माझा ट्रॅक्टर वर्षातून बरेच महिने रोज चालतो. मागच्या गिअरबॉक्सचे तेल बदलताना प्लगवर काळा लेप आणि एक चमकणारी बारीक काडी मिळाली, ती कागदात घालून पाठवत आहे. मेकॅनिक म्हणतो, गिअर जाणार. आणि इंजिनच्या ऑईल फिल्टरला बाहेरून चुंबक लावावा का?
– एक शेतकरी, तासगाव तालुका

उत्तर : फिल्टरला बाहेरून चुंबक लावल्याने अपाय नाही, डबा स्वतः पोलादी असल्याने चुंबकाचे बरेच बळ त्या पत्र्यातच जिरते, तरी थोडा कीस आतल्या भिंतीला धरून राहील. पण इंजिनात ॲल्युमिनियमचे पिस्टन आणि तांबे-कथिलाची बेअरिंगे असतात, आणि तेल काजळी व आम्लाने खराब होते. यांतले काहीही चुंबक थांबवत नाही. त्यामुळे चुंबक लावला म्हणून तेल बदलण्याचे तास वाढवू नयेत.

मागच्या गिअरबॉक्सचे तेलच बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकलाही जाते, म्हणून आपण घेतलेली काळजी रास्त आहे. कागद मिळाला. लेप रॉकेलने धुऊन पाहिला. तो निव्वळ बारीक भुकटीचा आहे, चिमटीत कण लागत नाही. काडी मात्र लोखंडाचीच असून चुंबकाला चटकन चिकटते. भिंगाखाली ती संपूर्ण लांबीभर सारख्या जाडीची, गोल आणि एका टोकाला किंचित वाकलेली दिसते. गिअरच्या दात्यातून किंवा बेअरिंगमधून अशी काडी निघत नाही. त्यांचे तुकडे चपटे आणि वेड्यावाकड्या कडांचे असतात. माझ्या मते ती तारेच्या ब्रशची तार आहे आणि मागच्या वेळी प्लग त्या ब्रशने घासला असावा. पुढच्या वेळी प्लग सुती फडक्याने पुसावा, आणि तोवर ट्रॅक्टर खुशाल चालवावा. काडी परत पाठवली आहे. मेकॅनिकला दाखवता येईल.